टेम्पोने सभेला, एसटीने नाटकाला

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरवर झरी येते. इथली पुष्कळ मुले-मुली शिकायला रोज एसटीने परभणी गाठतात. राजकीय कार्यक्रम म्हणून त्यांच्यापैकी बहुतेकांनी एकच प्रकार पाहिलेला असतो, तो म्हणजे निवडणुकीच्या दिवसांतली सभा. टेम्पो गावात येतो, गळ्यात गमजा पडतो, जेवणाची सोय सांगितलेली असते आणि दिवस मावळता टेम्पोच परत आणून सोडतो. व्यासपीठावरून काय सांगितले गेले यावर परतीच्या वाटेत कुणी बोलत नाही, कारण ऐकण्यासाठी कुणाला नेलेलेच नसते.

गटाने ठरवून नाटकाला किंवा व्याख्यानाला जाणे ही वेगळी गोष्ट आहे. तिकीट आपले, गाडीभाडे आपले, जायचे की नाही हा निर्णयही आपला. पाहिलेले पटले नाही तर तसे मोठ्याने म्हणता येते. गावातल्या तरुणाला गर्दीतला एक आकडा होण्यापासून वाचवणारा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. म्हणून अशा सहली कशासाठी, कुठे आणि कशा काढायच्या हे इथे सविस्तर सांगतो.

राजकीय नाटक कशाला म्हणायचे

नाटकात पुढारी असला म्हणजे ते राजकीय होते असे नाही, आणि पुढारी नसला म्हणून ते राजकारणाबाहेर राहते असेही नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, पात्रे विराटाच्या दरबारातली. पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि सरकारलाही दिसला. १९१०मध्ये नाटकावर बंदी आली. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. काळ पेशवाईचा, पण विषय कुठल्याही राजवटीचा: सत्ता आपल्या सोयीसाठी एखाद्याला मोठे कशी करते आणि काम झाल्यावर त्याला जमावाच्या हाती कशी देते.

अजित दळवींचे 'गांधी विरुद्ध गांधी' तर घरातले नाटक आहे, बाप आणि थोरला मुलगा हरिलाल यांच्यातले. तरीही ते पाहून उठणारा माणूस सार्वजनिक आयुष्याची किंमत घरात कोण मोजते हा प्रश्न घेऊनच बाहेर पडतो. सत्ता कुणाच्या हाती आहे, कुणाच्या वाट्याला काय येते, कोण बोलू शकतो आणि कुणाला गप्प बसवले जाते, यांतला एखादा प्रश्न नाटकाच्या मुळाशी असला की सहलीसाठी ते नाटक चालेल. निवड करताना गटाने एवढीच कसोटी लावावी.

इथे सभा भरवायलाही परवानगी लागे

परभणी जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे झरीच्या शाळकरी पोरालाही १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनामुळे माहीत असते. माहीत नसते ते हे, की त्या राज्यात 'गश्ती निशाण ५३' नावाचे एक फर्मान होते. त्यानुसार सार्वजनिक सभा भरवायची तर आधी परवानगी घ्यावी लागे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली होती. आपल्याकडे त्यानंतरची कित्येक दशके सभेला चार माणसे जमवणे हीच जोखीम होती. म्हणून या भागात राजकीय जागृती वाचनालयांच्या, शाळांच्या आणि साहित्याच्या आडोशाने वाढली. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते, आणि अध्यक्ष होते परभणीचे गोविंदराव नानल.

पुढच्याच वर्षी, १९३८मध्ये, विद्यार्थ्यांनी एक गाणे गाण्याचा हट्ट धरला. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहातल्या मुलांनी 'वंदे मातरम्' म्हटले, मनाई झाली तरी थांबवले नाही आणि शेकडोंनी नाव काढून टाकलेले पत्करले. त्यांतल्या अनेकांना पुढे नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. एकत्र जमून काही ऐकणे आणि म्हणणे हा हक्क मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांनी आपली वर्षे घालवून मिळवलेला आहे. आज परभणीच्या एखाद्या सभागृहात विनापरवाना, विनाभीती जाऊन बसता येते, त्यामागे ही पिढी उभी आहे.

जलसा, लोकनाट्य आणि महाविद्यालयाचा मंच

महाराष्ट्रात राजकीय नाटक थिएटरात जन्मले असे मानणारे लोक जलसा विसरतात. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्याच्या विचारांचे जलसे गावोगाव फिरू लागले. आराखडा तमाशाचाच, लोकांच्या ओळखीचा, पण बतावणीत सावकार, भटशाही, शिक्षणाची निकड असे विषय. १९३१च्या सुमारास नाशिककडे भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. दिवसभर राबलेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाला चवदार तळे आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचा अर्थ या जलशांतून कळला.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४पासून हीच वाट कामगारवस्तीत नेली. अण्णा भाऊंनी तमाशाच्या गणातले गणपतीस्तवन बाजूला ठेवून मातृभूमीला वंदन केले, गवळण काढून टाकली आणि 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' यांसारखी लोकनाट्ये लिहिली. नावांवरूनच विषय कळतो. राष्ट्र सेवा दलाचे कलापथकही याच काळातले. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांनी ते वाढवले, निळू फुले आणि राम नगरकर त्यातूनच पुढे आले.

आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळची घटना औरंगाबादची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५०मध्ये तिथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांनी ते बाबासाहेबांच्या समोर सादर केले. रामायणकाळापासून आजपर्यंत अस्पृश्यतेच्या अन्यायाची वाट दाखवणारे हे नाटक विद्यार्थ्यांनीच केले. पुढे नांदेडच्या दत्ता भगतांनी 'वाटा-पळवाटा' लिहिले. त्यात काका, प्राध्यापक सतीश आणि चळवळीतला तरुण अर्जुन अशा तीन पिढ्या एकमेकांशी भांडतात. सगळे एकाच चळवळीतले, तरी मार्ग वेगवेगळे. हे नाटक प्रयोगात पाहायला मिळाले नाही तर गटाने बसून वाचावे. पात्रे थोडी आहेत, संवाद बोलते आहेत, आणि वाचताना अर्ध्या तासात खरा वाद सुरू होतो.

जांबसमर्थकडचे नाटक

समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून जांबसमर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले हे गाव झरीहून फार लांब नाही. याच गावच्या राजकुमार तांगडे यांनी 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' लिहिले. संकल्पना आणि संगीत लोकशाहीर संभाजी भगत यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. २०१२मध्ये नाटक रंगभूमीवर आले आणि मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. नाटकातले बहुतेक नट जालना जिल्ह्यातल्या खेड्यांतले, शेती करणाऱ्या घरांतले होते. बोली आपली, शिव्याही आपल्या, आणि उभे राहण्याची ढबसुद्धा पारावरची.

गोष्ट अशी: यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण महाराजांचे विचार काही त्याच्या हाती लागत नाहीत. ते शोधत तो पृथ्वीवर परततो आणि भीमनगर मोहल्ल्यात येऊन पडतो. तिथे जयंतीच्या निमित्ताने महाराज कुणाचे यावरून दोन गटांत जुंपलेली असते. शेवटाकडे दोन शाहिरांचा सवाल-जवाब होतो आणि त्यात एका बाजूला पोवाड्यांतून वर्षानुवर्षे ऐकलेला शिवाजी उभा राहतो, दुसऱ्या बाजूला रयतेचा, शेतसाऱ्याचा, अठरापगड सैन्याचा शिवाजी. हसत हसत बसलेला प्रेक्षक तिथे सावध होतो.

या नाटकाचा मी इतका पाल्हाळ लावतो आहे त्याला कारण आहे. आमच्याकडच्या मुलांच्या मनात पक्के बसलेले असते की नाटक ही शहरातली गोष्ट, आपण तिथे पाहुणे. प्रमाण मराठीत, दिवाणखान्यात घडणारी नाटके पाहून हा समज घट्ट होतो. शेजारच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या पोराने लिहिलेले आणि सालगड्याची भाषा बोलणारे नाटक पाहिले की तो समज एका संध्याकाळीत निघून जातो. म्हणून गटाची पहिली सहल मराठवाड्यातल्या लेखकाच्या नाटकाला असावी. तांगडे यांचे 'आकडा' गावातल्या विजेवर आहे. तारेवर आकडा टाकणे म्हणजे काय हे झरीत कुणाला समजावून सांगावे लागणार नाही.

असाच एक प्रयोग पुण्यात झाला. गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' अतुल पेठे यांनी २०१२ साली पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन बसवले. दिवसा रस्ते झाडणारी माणसे रात्री जोतीराव आणि सावित्रीबाई झाली. नट होण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, हे अशा प्रयोगांतून विद्यार्थ्यांना दिसते.

व्याख्यान ऐकायला जाणे

व्याख्यानाला नाटकासारखा पडदा नसतो, दिवे नसतात. दीड तास एका माणसाचा आवाज. मोबाइलवर तीस सेकंदांचे तुकडे ऐकणाऱ्या कानांना ते जड जाते, हे मान्य करूनच सुरुवात करावी. पण युक्तिवाद उभा राहायला तेवढा वेळ लागतोच. १९८४च्या फेब्रुवारीत शेतकरी संघटनेचे अधिवेशन परभणीत भरले होते. शरद जोशी शेतमालाच्या भावाचे गणित खर्चाच्या आकड्यांनिशी मांडत, आणि बैलगाड्या सोडून आलेले शेतकरी ते तासन्‌तास ऐकत. त्यांच्या मतांशी सहमत नसलेल्यांनाही ते गणित खोडण्यासाठी स्वतः गणित करावे लागले. चांगल्या भाषणाची ओळख हीच.

कॉम्रेड गोविंद पानसरे यांची 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिकाही मुळात भाषणच. ते छापले गेले आणि घराघरांत पोहोचले. भीमनगर मोहल्ल्याचे नाटक पाहण्याआधी गटाने ही पुस्तिका वाचावी, म्हणजे शाहिरांच्या सवाल-जवाबातला एकेक मुद्दा ओळखीचा वाटेल. पानसरे यांच्यावर फेब्रुवारी २०१५मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या. त्याआधी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. दोघेही आयुष्यभर गावोगाव बोलत फिरले. श्रोत्यांसमोर उभे राहून मत मांडणे किती मोलाचे आणि किती धोक्याचे असू शकते हे मुलांना माहीत असले पाहिजे.

श्रोत्यांचे कामही शिकावे लागते. वही न्यावी. वक्त्याने दिलेले आकडे आणि नावे टिपावीत, ती नंतर तपासता येतात. प्रश्नोत्तरांत भाषण ठोकू नये, एकच प्रश्न विचारावा आणि तो लिहून न्यावा. गावाकडचा मुलगा प्रश्न विचारायला उठला की बऱ्याचदा "मी जरा वेगळं बोलतो, माफ करा" असे म्हणून सुरुवात करतो. माफी मागायची काही गरज नाही. आपल्या बोलीत विचारावे.

कुठे आणि कधी

परभणीत बी. रघुनाथ सभागृह आहे. कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ यांचे निधन ७ सप्टेंबर १९५३ रोजी याच शहरात झाले आणि शहराने त्यांची आठवण जपली आहे. महाराष्ट्र शासनाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा १९५४पासून चालते. तिच्या प्राथमिक फेरीचे प्रयोग परभणी केंद्रावरही होतात. तिकीट नाममात्र असते आणि रोज एक नवे नाटक. दर्जा वरखाली असतो, पण सामाजिक आणि राजकीय विषय घेणाऱ्या हौशी संस्था इथेच भेटतात. विद्यार्थी गटासाठी यापेक्षा चांगली सुरुवात नाही. अडचण एकच: स्पर्धेचा हंगाम साधारण नोव्हेंबर-डिसेंबरचा, म्हणजे कापूस वेचणीचा आणि सत्र परीक्षेचाही. तारखा जाहीर होताच दोन प्रयोग निवडून घरी सांगून ठेवावेत.

व्याख्यानांसाठी वर्षभर निमित्ते असतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, ११ आणि १४ एप्रिलला फुले आणि आंबेडकर जयंती, १ ऑगस्टला अण्णा भाऊंची जयंती, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन. जयंतीची मिरवणूक सगळे पाहतात. तिच्या आदल्या दिवशीच्या व्याख्यानाला पन्नास खुर्च्या रिकाम्या असतात. तिथे बसावे. परभणीतली महाविद्यालये, कृषी विद्यापीठ आणि गणेश वाचनालय यांच्या सूचनाफलकांवर नजर ठेवण्याचे काम गटातल्या एकाला वाटून द्यावे.

मोठ्या नाटकांसाठी नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह किंवा छत्रपती संभाजीनगरचे संत एकनाथ रंगमंदिर गाठावे लागते. नांदेड रेल्वेने जवळ पडते. संभाजीनगरला मुक्काम धरूनच बेत करावा.

घरची परवानगी

'राजकीय' हा शब्द ऐकला की आईबापांच्या पोटात गोळा येतो. तो उगीच येत नाही. डिसेंबर २०२४मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, शहरात उद्रेक झाला, धरपकड झाली आणि कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. जिल्ह्यातल्या घराघरांत त्या बातमीने भीती शिरली. अशा घरातल्या मुलाला 'काही होत नाही, चल' म्हणून ओढून नेणे चूक. पालकांना कार्यक्रमाचे नाव, आयोजक, जागा, परत येण्याची वेळ आणि सोबतच्या शिक्षकांचा फोन असे सगळे एका कागदावर लिहून द्यावे. मोर्चाला नेत नाही, नाटकाला नेतो, हे स्पष्ट सांगावे आणि तसेच वागावे. सहलीच्या नावाखाली मुलांना परस्पर कुठल्या आंदोलनात उभे करणाऱ्या आयोजकावर गाव पुन्हा विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट असतो. रात्रीचा प्रयोग म्हटला की नावे गळतात. यावर उपाय म्हणून दुपारचे प्रयोग आणि संध्याकाळी लवकर संपणारी व्याख्याने आधी निवडावीत. रात्रीचेच असेल तर शिक्षिका किंवा गावातली एखादी मावशी-काकू सोबत असावी आणि प्रत्येक मुलीला घराच्या दारापर्यंत पोहोचवले जावे. मुलींशिवाय निघालेली सहल मला अर्धीच वाटते. 'मुली येत नाहीत' असे म्हणणाऱ्या गटाने आपण कोणत्या वेळेचे कार्यक्रम निवडतो ते आधी तपासावे.

पालकांना आणखी एक गोष्ट समजावून सांगता येते. १९८९पासून अठराव्या वर्षी मताचा अधिकार मिळतो. महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका मात्र १९९४च्या कायद्यानंतर बंद पडल्या. म्हणजे मत द्यायचे वय आले, पण वाद ऐकायचा, उमेदवाराला प्रश्न विचारायचा सराव कुठेच नाही. तो सराव नाटकाच्या आणि व्याख्यानाच्या खुर्चीत बसून होतो.

खर्च आणि परतीची गाडी

परभणीतल्या दिवसाच्या कार्यक्रमाला खर्च जवळजवळ नाहीच. विद्यार्थ्यांच्या मासिक पासवर प्रवास आधीच झालेला असतो, आणि मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. शालेय सहलींसाठी एसटीची गाडी निम्म्या दरात मिळते. शाळेचा गट असेल तर मुख्याध्यापकांमार्फत आगारात अर्ज करावा. रात्रीच्या कार्यक्रमाला शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नये. नाटक लांबते, दुसरा अंक उशिरा सुरू होतो, आणि निम्मा गट घड्याळाकडे बघत बसला तर पाहणे वाया जाते. जीप ठरवावी, भाडे सगळ्यांत वाटून घ्यावे.

पैसे कुणाकडून घ्यायचे यावर मात्र ठाम राहावे. गावातला इच्छुक उमेदवार आनंदाने गाडी देईल. त्याची गाडी घेतली की ती सहल त्याची झाली, आणि पुढच्या सभेच्या टेम्पोत बसायला नाही म्हणता येणार नाही. ज्याला वर्गणी जड जाते त्याची इतरांनी भरावी, पण गुपचूप भरावी.

जाण्याआधी आणि परतताना

जाण्याच्या आधीच्या आठवड्यात एकदा बसावे. नाटक कुणाचे, कधीचे, त्यातला काळ कोणता, एवढे तरी सगळ्यांना माहीत असावे. 'घाशीराम' पाहायला जाताना हे इतिहासाचे नाटक नव्हे असे खुद्द तेंडुलकरांनी सांगितले होते, आणि तरीही नाना फडणवीसांची बदनामी झाली म्हणून त्यावर वादळ उठले, हे माहीत असले तर प्रयोगाचे वेगळे पदर दिसतात. शेवट मात्र कुणी सांगू नये.

परतीची जीप ही चर्चेची सर्वांत चांगली जागा. अंधार असतो, कुणाचा चेहरा दिसत नाही, आणि लाजरे विद्यार्थीही बोलतात. पहिला विषय अभिनय नसावा, कारण 'अमक्याने भारी काम केले' म्हटले की बोलणे तिथेच संपते. नाटकात कुणाची बाजू मांडली, आणि कुणाला बोलूच दिले नाही? शिवाजीवरच्या नाटकात बायका किती वेळ बोलल्या? शेतकऱ्याच्या नाटकात शेतमजूर होता का? हे प्रश्न विचारले की आवडलेल्या नाटकाकडेही डोळसपणे पाहता येते. दोन-तीन दिवसांनी पुन्हा जमावे आणि नाटकात आलेला एखादा दावा पुस्तकात तपासावा. नाटककाराला घटना बदलण्याची मुभा आहे, प्रेक्षकाला मात्र ती कुठे बदलली हे माहीत असावे.

एकाच मांडवात अडकू नये म्हणून

व्याख्याने भरवणाऱ्या संस्था कुठल्या ना कुठल्या विचाराच्या असतात. अखिल भारतीय विद्यार्थी परिषद, एसएफआय, छात्रभारती, राष्ट्र सेवा दल, आंबेडकरी मंडळे, सगळ्यांचे वक्ते ठरलेले. यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते जेव्हा गट वर्षभर एकाच मांडवात जाऊन बसतो. गटाने एक साधा नियम करावा: एका विचाराचे व्याख्यान ऐकले की पुढचे त्याच्या विरोधी विचाराचे. जातींच्या बाबतीतही हेच. शिवजयंतीच्या व्याख्यानाला मराठा मुले आणि भीमजयंतीच्या व्याख्यानाला बौद्ध मुले ही आपल्याकडची रूढ वाटणी आहे. नामांतराच्या काळात मराठवाड्याने या वाटणीची किती भयंकर किंमत दिली हे घरातल्या मोठ्यांना विचारावे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव जुलै १९७८मध्ये विधिमंडळाने केला, आणि नामांतर प्रत्यक्षात आले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या वर्षांत जळालेली घरे दलितांची होती. म्हणून दोन्ही जयंत्यांना दोन्हीकडच्या मुलांनी एकत्र जावे, हा माझा आग्रह आहे.

परभणीला १९९५मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा अध्यक्ष होते गिरणी कामगारांच्या चाळीत वाढलेले, मुंबईच्या रस्त्यावरचे कवी नारायण सुर्वे. शहरातल्या ज्येष्ठांना ते दिवस आठवतात. त्यांच्यापैकी एखाद्याला गटाच्या बैठकीत बोलवावे, म्हणजे आणखी एक वेगळा आवाज ऐकायला मिळेल.

नाटकालाच झरीला बोलावणे

काही सहलींनंतर गटाला वाटू लागते की हे गावात सगळ्यांनी पाहायला हवे. त्यासाठी पथनाट्य आणि रिंगणनाट्य हे दोन प्रकार सोयीचे. सफदर हाश्मी आणि जन नाट्य मंचाने दिल्लीच्या आसपास कामगारवस्त्यांत पथनाट्य रुजवले. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापुरात 'हल्ला बोल' चालू असताना हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री आणि सहकाऱ्यांनी त्याच जागी जाऊन ते अर्धवट राहिलेले नाटक पूर्ण केले. महाराष्ट्रात दाभोलकरांच्या खुनानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अतुल पेठे यांच्याकडून रिंगणनाट्य शिकून घेतले. मंच नको, पडदा नको, गोल करून बसलेले प्रेक्षक आणि मधोमध नट.

यासाठी उत्तम वेळ म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर. हिवाळ्यात महाविद्यालयांची शिबिरे खेड्यांत येतात, आणि संध्याकाळी गाव जमवायची रीत आधीच असते. एका संध्याकाळचे बौद्धिक नाटकाला द्यावे. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलीस ठाण्याला आधी अर्ज द्यावा, रात्री दहानंतर तो बंद करावा लागतो. ग्रामपंचायतीला लेखी कळवावे.

सगळ्यात जास्त विचार जागेचा करावा. मंदिरापुढे ठेवले तर काही घरे येणार नाहीत, एखाद्या वस्तीतल्या समाजमंदिरात ठेवले तर दुसरी येणार नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेचे पटांगण सगळ्यांचे आहे. बायकांना मागे, अंधारात उभे राहावे लागू नये म्हणून पुढची अर्धी जागा त्यांच्यासाठी राखावी आणि ती शेवटपर्यंत राखली जाते आहे यावर दोघांनी लक्ष ठेवावे. नाटक संपल्यावर पहिले बोलणे सरपंचांचे नसावे, प्रेक्षकांतल्या कुणाचे असावे. नटांचे जेवण वेगवेगळ्या आळींतल्या घरांत वाटून द्यावे. आणि ठरलेले मानधन, ते कितीही थोडे असो, त्याच रात्री रोख त्यांच्या हातात द्यावे.